पेटीची पांढरी पाच दाबली की कपाटाची काच झरझरते, बाकी सुरांना गप्प. आवाजाचा वस्तूवर नक्की किती परिणाम होतो?

पहाटेचा_रियाज:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकतो. मी रोज पहाटे पेटी घेऊन बसतो, सा पांढरी एक. समोर पुस्तकांचं कपाट आहे त्याला सरकत्या काचा आहेत, आणि होतं काय की अगदी डावीकडच्या सप्तकातली पांढरी पाच दाबली की उजव्या बाजूची काच झर्रर्र करून वाजायला लागते. पांढरी चार दाबली तर काही नाही, काळी चार दाबली तर काही नाही, भाता जोरात मारला तरी नाही, फक्त ती एकच पट्टी. आधी वाटलं पेटीचाच सूर खराब झालाय, पेटी उघडून बघितली, मग एकदा काचेवर हात ठेवला तेव्हा कळलं की आवाज तिकडून येतोय.

तेव्हापासून या विषयाचे व्हिडिओ बघायचा नादच लागलाय. एकात पत्र्यावर मीठ टाकून खाली स्पीकर लावला होता, सूर बदलला की मिठाची नक्षी बदलते, अक्षरशः रांगोळी. दुसऱ्यात म्हणे 432 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 432 कंपनांच्या सुराला, सुंदर आकार येतो आणि 440 ला बेढब, म्हणून सगळी वाद्यं 432 ला लावली पाहिजेत. तिसऱ्यात पाण्याला चांगलं संगीत ऐकवून गोठवलं की सुंदर स्फटिक होतात. गाणाऱ्याने सूर लावून काचेचा ग्लास फोडला हेही नेहमी ऐकतो. यातलं खरं काय आणि वाढवून सांगितलेलं काय? काच वाजते हे तर मी रोज कानाने ऐकतोय म्हणजे काहीतरी नक्कीच आहे, पण मग ते कुठपर्यंत जातं? जाणकारांनी सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

तांब्याची_तार:
हा अनुनाद, म्हणजे रेझोनन्स. तुमच्या काचेची स्वतःची एक कंपनसंख्या आहे, तोच सूर बाहेरून मिळाला की ती हलायला लागते आणि खाचेत सैल असल्यामुळे कडेला आपटून झरझरते. एक करा, काचेला बोट टेकवा आणि तीच पट्टी दाबा, आवाज थांबेल. आणि दुसरं, वरच्या सप्तकातली पांढरी पाच पण वाजवून बघा आणि काय होतं ते इथे लिहा. पेटीचा एक सूर म्हणजे एकच कंपनसंख्या नसते, त्यात दुप्पट तिप्पट चौपट असं बरंच काही मिसळलेलं असतं, त्यामुळे काच नक्की कशाला उत्तर देतेय ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

नोडल_रेषा:
प्रश्न फार आवडला, कारण मी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत मुलांना हेच दाखवत आलोय आणि अजूनही प्रत्येक वेळी मीठ हललं की मला तितकाच आनंद होतो. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

पितळेचा चौकोनी पत्रा घ्यायचा, मधोमध स्क्रूने एका दांड्यावर घट्ट बसवायचा, वर बारीक मीठ भुरभुरायचं. व्हायोलिनच्या गजाला राळ लावून तो पत्र्याच्या कडेवरून उभा ओढायचा. सुरुवातीला नुसता कर्कश्श आवाज येतो, मीठ सैरावैरा उडतं, आणि गज नीट बसला की एकदम स्वच्छ सूर लागतो आणि त्या क्षणी मिठाचे कण टुणटुण उड्या मारत रेषांवर जाऊन बसतात. बाजूच्या मध्यावर बोट टेकवून कोपऱ्यापाशी गज ओढला तर अधिकचं चिन्ह उमटतं. बोट कोपऱ्यावर आणि गज बाजूच्या मध्यावर नेला तर तेच चिन्ह फिरून फुली होते, म्हणजे कर्ण. पत्रा तोच, मीठ तेच. बोट टेकवलंय तिथे पत्रा हलू शकत नाही म्हणून स्थिर रेषा तिथून जाते, इतकं साधं आहे. जिथे पत्रा जोरात हलतो तिथून मीठ हुसकावलं जातं आणि जिथे हलत नाही तिथे गोळा होतं. नक्षी म्हणजे पत्र्याच्या न हलणाऱ्या जागांचा नकाशा.

रॉबर्ट हुकने 1680 मध्ये काचेवर पीठ टाकून हे पाहिलं होतं, पण पद्धतशीर काम केलं अर्न्स्ट क्लाडनीने, त्याचं पुस्तक 1787 चं. हा माणूस गावोगाव फिरून लोकांना हे प्रयोग दाखवायचा. 1809 मध्ये नेपोलियनला दाखवले, आणि त्यानंतर पॅरिसच्या अकादमीने बक्षीस जाहीर केलं की या आकारांचं गणित मांडून दाखवा. ते मिळवलं सोफी जर्मेन या बाईंनी, 1816 मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात. बायकांना कॉलेजात प्रवेश नसलेल्या काळात घरी बसून शिकलेली ही बाई, तिचं नाव या व्हिडिओंमध्ये कुणीच घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता 432 आणि 440. हा भाग नीट वाचा कारण इथेच सगळी गल्लत आहे. नक्षी नुसत्या सुराची नसते, सूर आणि पत्रा या जोडीची असते. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर तोच आकार दुप्पट कंपनसंख्येला येतो. समजा 30 सेंटिमीटरच्या एका पत्र्यावर 440 ला छान नक्षी येते आणि 432 ला येत नाही. त्याच जाडीचा पण जेमतेम 3 मिलिमीटर मोठा पत्रा घ्या, आता नेमकी तीच नक्षी 432 ला येईल आणि 440 ला मीठ नुसतं इकडेतिकडे पसरेल. म्हणजे व्हिडिओवाल्याने पत्रा कोणता निवडला त्यावर ‘सुंदर’ सूर ठरला. 440 हा आकडासुद्धा माणसांनी एकत्र बसून ठरवलेला, 1939 च्या लंडनच्या परिषदेत त्यावर एकमत झालं. कुणाला 432 ला लावलेलं वाद्य कानाला गोड वाटत असेल तर जरूर लावावं, पण पत्रा त्याची साक्ष देत नाही.

अजून एक गंमत. मिठाऐवजी एकदम हलकी पूड घेतली तर ती उलट वागते, जिथे पत्रा सगळ्यात जास्त हलतो तिथेच छोटे ढीग करून बसते. हे कोडं बरीच वर्षं होतं, 1831 मध्ये फॅरेडेने सोडवलं. हलणाऱ्या पत्र्यावर हवेचे बारीक झोत तयार होतात आणि ते हलकी पूड ओढून नेतात, मीठ जड म्हणून त्यांना दाद देत नाही. निर्वात भांड्यात ठेवलं की पूडही मिठासारखीच वागायला लागते.

ठेका_तीनताल:
सरांनी पत्र्याचं सांगितलं, मी चामड्याचं सांगतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध जी शाई असते ना, तिच्यामुळे तबला सुरात वाजतो हे लहानपणापासून ऐकत होतो पण त्यामागे किती विज्ञान आहे ते फार उशिरा कळलं. साधं ताणलेलं चामडं वाजवलं तर त्याचे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट तिप्पट असे पटीत येत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला नेमका सूर नसतो, नुसता धप्प आवाज. शाईचं वजन मध्ये आलं की ते सूर सरकून पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये यावर लिहिलंय आणि नंतर 1934 च्या लेखात तर पुडीवर बारीक वाळू टाकून कोणत्या बोलाला कुठे रेषा येतात त्याचे फोटो दिलेत, अगदी क्लाडनीसारखेच. चामडं नऊ प्रकारांनी हलतं पण सूर पाचच ऐकू येतात कारण काही प्रकार एकाच सुरावर येऊन बसतात. मी स्वतः जुन्या डग्ग्यावर रवाळ वाळू टाकून बघितलंय, कडेला बोट ठेवून थाप मारली की वाळू एका क्षणात सरकते, फक्त आवाज लगेच विरतो म्हणून नक्षी पूर्ण व्हायला चार पाच थापा लागतात. नवीन तबल्यावर हे करू नका, कण शाईच्या भेगांत अडकतात.

अनाहत:
सगळ्यांचं वाचलं, ज्ञान आहे पण मला वाटतं तुम्ही लोक थोडं यांत्रिक बघताय. सगळं विश्वच कंपन आहे, आपल्या शरीरात अर्ध्याहून जास्त पाणी आहे, मग आवाजाने पत्र्यावर इतकं होतं तर पाण्यावर आणि शरीरावर होणार नाही का? मी खालचा सा लावतो तेव्हा छातीचं हाड थरथरतं, ते मला हाताला जाणवतं, हा काही भास नाही. आणि पाण्याच्या स्फटिकांचे फोटो तर प्रत्यक्ष आहेत, फोटो कसा खोटा असेल.

नोडल_रेषा:
अनाहतजी, छातीचं हाड थरथरतं हे शंभर टक्के खरं, भास नाहीच. गाताना छातीवर तळवा ठेवला की कुणालाही जाणवेल. आणि पाण्यावर परिणाम होतो हेही खरं, पसरट भांड्यात थोडं पाणी घालून ते स्पीकरवर ठेवलं की पाण्यावर चौकटी उठतात, आणि त्या चौकटी स्पीकरच्या निम्म्या वेगाने वरखाली होतात हेही फॅरेडेनेच 1831 मध्ये लिहून ठेवलंय. स्पीकर बंद केला की पाणी क्षणात सपाट. प्रश्न फक्त एवढाच की नंतर पाण्यात काही शिल्लक राहतं का.

बर्फाच्या स्फटिकाचं म्हणाल तर उकिचिरो नाकाया नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने 1936 मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा हिमस्फटिक वाढवला आणि मग असंख्य वेळा वाढवून दाखवून दिलं की आकार ठरतो तापमानावर आणि हवेत बाष्प किती आहे त्यावर. शून्याखाली 2 अंशांच्या आसपास चपट्या चकत्या, 5 च्या आसपास सुया आणि खांब, 15 च्या आसपास त्या सुंदर फांद्यांच्या चांदण्या. एक दोन अंश इकडेतिकडे झाले की आकार पूर्ण वेगळा. त्यामुळे फोटो खोटा नसतोच, पण एका नमुन्यातून बरेच वेगवेगळे स्फटिक मिळतात, त्यातला कोणता फोटो निवडायचा हे निवडणाऱ्या माणसाला आधीच माहीत असेल की याला कोणतं संगीत ऐकवलंय, तर त्या फोटोवरून संगीताबद्दल काही ठरवता येत नाही.

आणि आवाजात मुळात ताकद किती कमी असते ते सांगतो, मला स्वतःला हिशोब केल्यावर धक्का बसला होता. 94 डेसिबल म्हणजे चांगलाच मोठा आवाज, त्यात हवेचा दाब किती वरखाली होतो तर 1 पास्कल. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब आहे एक लाख पास्कल! म्हणजे लाखात एक. माणूस जीव तोडून ओरडला तर आवाजाची शक्ती भरते साधारण एक सहस्रांश वॅट. पेलाभर पाणी, 200 मिलिलिटर धरा, 20 अंशांवरून 90 पर्यंत नुसत्या ओरडण्याने तापवायचं, सगळा आवाज पाण्यातच गेला आणि उष्णता जराही बाहेर गेली नाही असं मानलं, तर जवळपास 22 महिने न थांबता ओरडावं लागेल. प्रत्यक्षात हवेतून पाण्यावर पडलेल्या आवाजातला हजारात एकच भाग आत जातो, बाकी सगळा परत फिरतो.

पहाटेचा_रियाज:
हे वाचून उलट गोंधळ वाढला सर. आवाज एवढा दुबळा आहे तर मग माझी एवढी मोठी काच कशी हलते आणि ग्लास कसा फुटतो?

नोडल_रेषा:
झोका! झोक्यावरच्या मुलाला एका बोटाने सुद्धा उंच नेता येतं, फक्त प्रत्येक वेळी बरोबर वेळेवर ढकललं पाहिजे. काच सेकंदाला शेकडो वेळा झुलते आणि तुमची पेटी तिला शेकडो वेळा बरोबर वेळेवर ढकलते. पांढरी चार दाबली की ढकलायची वेळ चुकते, काही ढकलणी पुढे नेतात तर काही मागे ओढतात, बेरीज शून्य.

ग्लास फुटतो, पण कोणताही नाही. पातळ, देठाचा, क्रिस्टलचा लागतो, ज्याला टिचकी मारली की बराच वेळ गुंजत राहतो. गुंजतो याचा अर्थच असा की आत शक्ती लवकर विरत नाही, साठत जाते. जाड पेला टक् करून गप्प होतो, त्याच्यासमोर कितीही गा. टिचकी मारून ग्लासाचा सूर घ्यायचा आणि कडेला अगदी जवळून तोच सूर न हलवता धरायचा. त्यात कागदाची नळी उभी ठेवली तर ती थरथरायला लागते, तेव्हा समजायचं सूर जुळला. ग्लासाची गोल कड तेव्हा आलटून पालटून लंबगोल होत असते, एकदा उभी एकदा आडवी, आणि कडेवर आधीच एखादी बारीक चीर असेल तर ती तिथून उलते. 2005 मध्ये एका गायकाने माईक स्पीकर काही न वापरता टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर हे करून दाखवलं, आवाज 105 डेसिबलच्या आसपास होता. त्यालाही पहिल्या ग्लासात जमलं नव्हतं. घरी कुणी करून बघणार असेल तर डोळ्यांना चष्मा हवाच हवा.

तांब्याची_तार:
यात तो अमेरिकेतला टॅकोमा पूल कुणी आणण्याआधीच लिहितो. 1940 मध्ये पडला तो वाऱ्यामुळे, आणि तो साधा अनुनाद नव्हता, पूल पिळवटला की वाराच त्याला आणखी पिळत गेला असा प्रकार होता. सैनिकांच्या पावलांनी पूल पडला तो इंग्लंडमधला ब्रॉटनचा, 1831 साली, 74 सैनिक ठेक्यात चालत होते. तिथेही पावलं होती, आवाज नव्हे.

घड्याळवाला_काका:
मी घड्याळं दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली. आवाजाने वस्तूवर काय होतं हे मी रोज डोळ्यांनी बघतो, फक्त तो आवाज कुणाला ऐकू येत नाही. आमच्याकडे अल्ट्रासॉनिकचं भांडं असतं, स्टीलचा ट्रे, खाली कंप करणाऱ्या चकत्या, 40 किलोहर्ट्झ. पाणी आणि साबण घालून घड्याळाचे सुटे भाग जाळीत ठेवून सोडायचे. चालू केलं की सी असा आवाज येतो, तो खरा आवाज नाही, ते पाणी उकळल्यासारखं फुटत असतं त्याचा. दातेरी चाकाच्या दोन दात्यांमधला वर्षानुवर्षांचा काळा तेलकट मळ धुरासारखा बाहेर येताना दिसतो, ब्रश जिथे कधीच पोचत नाही तिथून.

भांडं नीट चालतंय का ते बघायची आमची पद्धत म्हणजे स्वयंपाकातला ॲल्युमिनियमचा कागद. तुकडा पाण्यात मिनिटभर उभा धरायचा, बाहेर काढून उजेडासमोर धरला की चाळणीसारखा टिपूर भोकांनी भरलेला असतो आणि कडा कुरतडल्यासारख्या. नुसत्या पाण्यात धरलेला कागद! एखाद्या कोपऱ्यात भोकं पडली नाहीत तर त्या बाजूची चकती गेली असं समजायचं. सुरुवातीच्या काळात एकाची पाचूची अंगठी घड्याळासोबत साफ करायला आली होती, मी तीही भांड्यात टाकली, आणि बाहेर आली तेव्हा पाचू पांढुरका दिसत होता आणि आतल्या चिरा उघड्या पडलेल्या. पाचूच्या चिरांत तेल भरलेलं असतं ते मला माहीत नव्हतं, आवाजाने ते सगळं उपसून काढलं. माझी चूक, भरपाई केली. पाचू, मोती, ओपल कधीही या भांड्यात टाकू नका.

नोडल_रेषा:
काका, किती छान लिहिलंत. यामागचं कारण सांगतो. आवाजाची लाट पाण्याला आळीपाळीने दाबते आणि ओढते. ओढताना इतकी ओढते की पाणी फाटतं आणि बारीक बुडबुडा होतो, पुढच्या दाबात तो मिटतो, आणि मिटताना सगळी शक्ती एका ठिपक्यावर येते. मघाशी म्हटलं आवाज दुबळा असतो, इथे तो एका जागी गोळा होतो हा सगळा फरक. मिटणाऱ्या बुडबुड्याच्या आत क्षणभर काही हजार अंश तापमान होतं, पाण्यातून चक्क प्रकाश निघतो, 1934 मध्ये जर्मनीत फ्रेन्झेल आणि शुल्टेस यांना तो फोटोच्या काचेवर उमटलेला सापडला. घड्याळाचा मळ काढणारे बुडबुडे आणि जहाजाच्या पंख्याचं पोलाद कुरतडणारे बुडबुडे एकाच जातीचे. आणि याच 40 किलोहर्ट्झचे दोन बाजूंनी समोरासमोर स्पीकर लावले तर मधल्या हवेत थर्माकोलचे बारीक मणी तरंगत राहतात, दर सव्वाचार मिलिमीटरवर एक, माळेसारखे, कारण लाटेच्या स्थिर जागा तेवढ्या अंतरावर असतात.

निळी_छत्री:
मला विज्ञान फार कळत नाही पण माझा मुतखडा आवाजाने फोडलाय म्हणून लिहिते. टेबलावर झोपवतात, कमरेखाली पाण्याची उशी असते, वर जेल लावतात. मग टक् टक् टक् सेकंदाला एक असा आवाज येतो आणि प्रत्येक टकला कुणीतरी आतून रबर ताणून सोडल्यासारखं वाटतं. दोन हजारांच्या वर ठोके झाले. डॉक्टरांनी सांगितलं की प्रत्येक लाट शरीरात शिरताना पसरट असते म्हणून वाटेत काही दुखावत नाही आणि खड्यावर येऊन एकवटते. नंतर दोन आठवडे लघवीतून वाळू पडत होती, गाळणीत जमवून दाखवायला सांगितली होती, करड्या रंगाची, बोटात चुरली तर अगदी बारीक. पाण्याची उशी का लागते ते आज वरचं वाचून कळलं, मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरणारच नाही ना?

नोडल_रेषा:
अगदी तेच ताई. सोनोग्राफीचं जेलही त्याचसाठी. माणसावर ही पद्धत पहिल्यांदा 1980 मध्ये म्युनिकला वापरली, तेव्हा पेशंटला पाण्याच्या टबातच ठेवत.

अनाहत:
मुतखड्याचं वाचून छान वाटलं. स्फटिकांचं मी परत विचार करून बघतो. पण गाण्याने मन शांत होतं, श्वास लांबतो, हे मी सोडणार नाही.

ठेका_तीनताल:
सोडू नकाच. ते कानातून मेंदूत जाऊन होतं, आणि तेही तितकंच खरं.

पहाटेचा_रियाज:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहाटे सांगितल्याप्रमाणे सगळं करून बघितलं. बोट टेकवलं की झरझर थांबते. मोबाईलवर ट्यूनर ॲप लावलं, डावीकडची पांढरी पाच 196 दाखवते. मग तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच दाबली, 392, आणि काच आधीपेक्षा कितीतरी जोरात वाजली! म्हणजे काचेचा स्वतःचा सूर 392 च्या जवळ आहे आणि खालच्या पट्टीतल्या दुप्पट सुराला ती उत्तर देत होती. मग डोक्यात आलं की अजून कोणत्या पट्टीत 392 लपलेलं असेल, म्हणून एकेक पट्टी भाता भरून दाबत गेलो, खोलीतला पंखा बंद करून. डावीकडच्या पांढरी एकला काच अगदी हलकेच कुजबुजली. 131 ची तिप्पट, 393. इतके दिवस रोज तोच सा वाजवत होतो आणि ऐकूच आलं नव्हतं.

ठेका_तीनताल:
अहो, पांढरी एक तुमचा सा, मग पांढरी पाच तुमचा पंचम झाला की! तंबोऱ्यात कसा स्वयंभू गंधार, म्हणजे तार न लावताही आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो, तसा तुमच्या सा मधला पंचम ती काच वेगळा काढून दाखवतेय.

पहाटेचा_रियाज:
खाचेत जाड कागदाची घडी घालून काच घट्ट करणार होतो. घडी करून ठेवली होती, ती काढून टाकली. नुसत्या गळ्याने सा लावून बघितला, पेटी बंद ठेवून. पहिल्या चार वेळा काही नाही, पाचव्यांदा सूर जरा वर चढवला आणि काच बोलली.